हर्निया आणि सायकलस्वारी : समज, गैरसमज आणि शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल

सारांश

हर्निया असलेल्या व्यक्तीने सायकल चालवावी की नाही आणि शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा केव्हा सुरू करावी, याविषयी समाजात भीती अधिक आणि माहिती कमी आढळते. प्रस्तुत लेखात हर्नियाची रचना, उदरांतर्गत दाबाचे स्वरूप, शस्त्रक्रियेच्या पद्धतींत झालेला बदल आणि शस्त्रक्रियेनंतर सायकलकडे परतण्याचे टप्पे यांचे विवेचन केले आहे. ‘सायकल बंद’ हा सरसकट सल्ला अपुरा असून पेडल मारणे, ओझे वाहणे आणि झटका बसणे या तीन गोष्टींचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : अंतर्गळ, उदरभित्ती, उदरांतर्गत दाब, जाळी, शस्त्रक्रियोत्तर पुनर्वसन, सायकल.

१. प्रस्तावना

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. शहरांतील रस्त्यांवर स्वयंचलित दुचाकींनी सायकलची जागा घेतली असली, तरी पहाटे रतीब घालणारा दूधवाला, घरोघरी वर्तमानपत्र टाकणारा विक्रेता, मुंबईचा डबेवाला आणि गावातून तालुक्याच्या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी यांच्यासाठी सायकल आजही उपयोगाचे वाहन आहे. दुसरीकडे, आरोग्याच्या जाणिवेतून गिअरची सायकल घेणारा मध्यमवयीन सुशिक्षित वर्गही गेल्या काही वर्षांत वाढला आहे. या दोन्ही वर्गांत पुरुषांचे प्रमाण मोठे आहे आणि जांघेतील हर्निया हा प्रामुख्याने पुरुषांचा विकार आहे. पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होण्याची शक्यता सुमारे २७ टक्के, तर स्त्रियांमध्ये ती सुमारे ३ टक्के मानली जाते. त्यामुळे सायकल आणि हर्निया यांची गाठ पडणे ही विरळा घटना नाही.

अशा वेळी रुग्णाला दोन तऱ्हेची उत्तरे ऐकू येतात. ‘सायकलमुळेच हर्निया झाला’ हे पहिले आणि ‘आता सायकल कायमची विसरा’ हे दुसरे. ज्याची सायकल हौसेची आहे, त्याचा या उत्तरांमुळे व्यायाम सुटतो. ज्याची सायकल पोटापाण्याची आहे, तो मात्र रोजगार जाईल या भीतीने शस्त्रक्रियाच पुढे ढकलतो, पट्टा बांधून काम चालू ठेवतो आणि क्वचित आतडे अडकल्यावर मध्यरात्री रुग्णालयात पोहोचतो. अतिसावधगिरीचा सल्लाही अशा रीतीने घातक ठरू शकतो. म्हणूनच या प्रश्नाचा शास्त्रीय विचार आवश्यक ठरतो.

२. हर्निया : संकल्पना व कारणे

पोटातील अवयव जागेवर धरून ठेवणारी स्नायू आणि स्नायुपटलांची भिंत म्हणजे उदरभित्ती. या भिंतीच्या दुर्बल जागेतून आतील चरबी किंवा आतड्याचा भाग बाहेर डोकावू लागला की त्यास हर्निया किंवा अंतर्गळ म्हणतात. उदरभित्तीच्या हर्नियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जांघेत आढळतात. बेंबीचा हर्निया, जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून होणारा हर्निया आणि मांडीच्या मुळाशी होणारा हर्निया हे अन्य प्रमुख प्रकार होत.

भारतीय वैद्यक परंपरेला हा विकार अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धीचे सात प्रकार सांगितले असून त्यांपैकी अंत्रवृद्धीचे वर्णन आजच्या जांघेतील हर्नियाशी जुळते. ओझे वाहणे, बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे यांसारखे विशेष आयास त्याची कारणे म्हणून तेथे नोंदविले आहेत. या कारणांचा समान धागा असा की, प्रत्येकात पोटावर अचानक किंवा मोठा ताण येतो.

आधुनिक संशोधनाने या कारणमीमांसेत महत्त्वाची भर घातली. पुरुष गर्भात वृषण पोटातून खाली उतरताना जो मार्ग तयार होतो, तो पुढे पूर्णपणे न मिटल्यास जांघेत जन्मतःच एक दुर्बल जागा राहते. ऊतींना बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची गुणवत्ता काही व्यक्तींमध्ये आनुवंशिकतेने कमी असते. वाढते वय आणि धूम्रपान यांमुळेही ती घटते. जुनाट खोकला, बद्धकोष्ठतेमुळे कुंथणे आणि प्रोस्टेटच्या वाढीमुळे लघवीला जोर करावा लागणे यांनी त्या जागेवरील ताण वाढत जातो. डेन्मार्कमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिवसभर उचललेले एकूण वजन व दीर्घकाळ उभे राहणे किंवा चालणे यांचा जांघेतील एका प्रकारच्या हर्नियाशी संबंध दिसून आला. या कारणांत बसून पेडल मारण्याच्या क्रियेला स्वतंत्र स्थान नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

३. उदरांतर्गत दाब आणि सायकल

हर्नियाच्या संदर्भात कोणतीही हालचाल तपासायची असेल, तर ती पोटातील दाब किती वाढवते हे पाहावे लागते. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० निरोगी तरुण व्यक्तींच्या पोटातील दाब विविध हालचालींच्या वेळी मोजण्यात आला. बसलेल्या स्थितीत तो सरासरी १६.७ मिलिमीटर पारा, तर उभ्या स्थितीत २० मिलिमीटर पारा इतका होता. सर्वाधिक दाब खोकताना व उडी मारताना आढळला. खोकताना तो १०७ मिलिमीटरच्या, तर उडी मारताना १७१ मिलिमीटरच्या घरात पोहोचला. याउलट गुडघ्यात वाकणे किंवा १० पौंड वजन उचलणे यांमुळे दाबात फारशी वाढ झाली नाही. अनावर खोकला हा हलक्या श्रमापेक्षा उदरभित्तीची कितीतरी कठोर परीक्षा घेतो, असा याचा अर्थ होतो.

हा निकष सायकलला लावल्यास ‘सायकल चालवणे’ ही एक क्रिया नसून अनेक क्रियांचा समूह आहे, हे ध्यानात येते. सपाट रस्त्यावर सीटवर बसून सावकाश पेडल मारताना शरीराचा भार सीटवर असतो, श्वास अखंड चालू असतो आणि पोटाचे स्नायू केवळ तोल सांभाळण्यापुरते काम करतात. चढावर सीटवरून उठून, हँडल स्वतःकडे ओढत, श्वास रोखून पेडल दाबताना स्थिती अगदी वेगळी असते. छातीत हवा कोंडून केलेला कोणताही जोर पोटातील दाब झपाट्याने वाढवतो. खड्ड्यातून जाताना बसणारा धक्का, पाय उंच फेकून सायकलवर चढणे आणि अचानक ब्रेक दाबून एका पायावर तोल सावरणे या झटक्याच्या क्रिया आहेत.

आपल्याकडील पारंपरिक काळ्या सायकलीच्या बाबतीत आणखी एक क्रिया विसरता येत नाही, ती म्हणजे सायकल स्टँडवर लावणे. जड लोखंडी सायकल, त्यात कॅरिअरला कॅन किंवा पोती बांधलेली, अशा अवस्थेत मागचे चाक उचलून एका हिसक्यात ती स्टँडवर ओढावी लागते. तीच सायकल रात्री जिन्यावरून वर नेणे हेही ओझे उचलणेच होय. मैलभर सावकाश पेडल मारण्यापेक्षा हे काही सेकंद उदरभित्तीवर अधिक ताण आणू शकतात. तरीही सल्ला देताना बंदी येते ती पेडल मारण्यावर, स्टँडचा उल्लेखही होत नाही.

४. शस्त्रक्रियेपूर्वी : काय चालेल, काय टाळावे

हर्निया औषधाने बरा होत नाही. प्रौढांमध्ये शस्त्रक्रिया हाच त्यावरील उपाय आहे. मात्र ती प्रत्येकास तातडीने करावी लागते असे नाही. त्रास नसलेल्या किंवा अल्प त्रास असलेल्या ७२० पुरुषांवरील एक महत्त्वाचा अमेरिकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात देखरेखीखाली वाट पाहणाऱ्यांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचे प्रमाण दर हजार रुग्णवर्षांमागे केवळ १.८ इतके आढळले. त्याच रुग्णांच्या दीर्घकालीन पाठपुराव्याचे निष्कर्ष २०१३ साली आले. दहा वर्षांत वाट पाहणाऱ्यांपैकी सुमारे ६८ टक्के पुरुषांनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि त्याचे मुख्य कारण वाढती वेदना हे होते. थांबणे सुरक्षित असू शकते, परंतु बहुतेकांच्या बाबतीत ते कायमचे उत्तर नसते, असा या दोन निष्कर्षांचा एकत्रित अर्थ आहे. हा निष्कर्ष स्त्रियांना लागू करता येत नाही. त्यांच्यात मांडीच्या मुळाशी होणाऱ्या हर्नियाचे प्रमाण अधिक असते व तो अडकण्याचा धोकाही मोठा असतो. म्हणून त्यांना लवकर शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो.

ज्याचा हर्निया आडवे झाल्यावर सहज आत जातो आणि ज्यास वेदना नाहीत, अशा व्यक्तीला शल्यचिकित्सकाच्या संमतीने सपाट रस्त्यावर सायकल चालवता येते. त्यासाठी काही पथ्ये पाळावीत. सीटवर बसूनच पेडल मारावे, हलका गिअर वापरावा आणि गिअर नसल्यास चढावर उतरून सायकल हाताने न्यावी. हँडल फार खाली नसावे. पुढे खोल वाकल्यास प्रत्येक फेरीत वर येणारी मांडी जांघेतील फुगवट्यावर दाबली जाते. कॅरिअरवर जड ओझे व डबल सीट टाळावी. मधला आडवा दांडा नसलेल्या सायकलवर चढणे-उतरणे सोपे जाते, हाही व्यवहार्य पर्याय आहे.

हर्नियाच्या पट्ट्याविषयी विशेष दक्षता हवी. पट्टा हर्निया बरा करीत नाही. तो वापरायचाच असल्यास आडवे होऊन हर्निया पूर्णपणे आत गेल्यानंतरच बांधावा. बाहेर आलेल्या आतड्यावर पट्टा आवळून सायकलवर बसल्यास दुखापत होऊ शकते. शिवाय सीटशी होणाऱ्या घर्षणाने त्वचा सोलवटते.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र वाट पाहू नये : फुगवटा अचानक कडक व दुखरा होणे, तो आत न जाणे, त्यावरील त्वचा लाल किंवा काळसर पडणे, उलट्या होणे, पोट फुगणे, वारा व शौच बंद होणे. आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटल्याची ही चिन्हे असू शकतात. अशा वेळी फुगवटा जोराने आत दाबण्याचा प्रयत्न न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

५. शस्त्रक्रियेची वाटचाल : सक्तीच्या विश्रांतीपासून मोकळ्या हालचालीपर्यंत

शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ विश्रांती घ्यावी, ही समजूत निराधार जन्मलेली नाही. ती एका जुन्या शस्त्रक्रिया पद्धतीची देणगी आहे. इटलीतील शल्यचिकित्सक एदोआर्दो बासिनी यांनी १८८७ साली जांघेच्या हर्नियाची आधुनिक दुरुस्ती मांडली. तीत दुर्बल जागेच्या दोन्ही बाजूंच्या ऊती ओढून टाक्यांनी जोडल्या जात. ओढलेल्या ऊतींवर ताण राहत असे आणि टाके तुटण्याच्या भीतीने रुग्णाला दीर्घकाळ झोपवून ठेवले जाई. कॅनडातील एडवर्ड अर्ल शोल्डाइस यांनी या भीतीला छेद दिला. टोरोंटो येथे १९४५ साली त्यांनी सुरू केलेल्या रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर चालते करण्यावर भर होता.

पुढचे निर्णायक पाऊल लॉस एंजेलिस येथील इरविंग लिक्टेनस्टाइन यांचे होय. १९८० च्या दशकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊती न ओढता त्या जागी कृत्रिम धाग्याची जाळी बसविण्याची, म्हणजेच ताणविरहित दुरुस्तीची पद्धत रूढ केली. १९८९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९९० च्या दशकात दुर्बिणीद्वारे जाळी बसविण्याच्या पद्धती आल्या. ताण कमी झाल्याने विश्रांतीचा जुना कालावधी आवश्यक राहिला नाही.

या वाटचालीत महाराष्ट्राचा वाटाही उल्लेखनीय आहे. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी जाळीऐवजी रुग्णाच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरून भिंत बळकट करण्याची पद्धत विकसित केली व २००१ साली ती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या आयात जाळीला पर्याय म्हणून मच्छरदाणीच्या कापडाचा निर्जंतुक करून वापर केला. २००३ साली त्याचे बहुकेंद्री प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याच कल्पनेच्या धर्तीवर युगांडामध्ये ३०२ पुरुषांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका वर्षानंतर स्वस्त जाळी व महागडी जाळी यांच्या निष्पत्तीत लक्षणीय फरक आढळला नाही. ज्याला महागडी शस्त्रक्रिया परवडत नाही, त्या श्रमजीवी रुग्णाच्या दृष्टीने हे संशोधन विशेष मोलाचे आहे.

या सर्व अनुभवाचे सार २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आले. जांघेच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने त्यास सोयीचे वाटेल तितक्या लवकर नेहमीचे व्यवहार सुरू करावेत, अशी त्यांची शिफारस आहे. त्यापूर्वीच्या २००९ च्या युरोपीय तत्त्वांनी जड वजन उचलण्यावर दोन ते तीन आठवड्यांचे बंधन बहुधा पुरेसे असल्याचे म्हटले होते. ही तत्त्वे जांघेच्या नेहमीच्या हर्नियासंबंधी आहेत. जुन्या व्रणातील मोठा हर्निया, पुन्हा उद्भवलेला हर्निया किंवा आतडे कापावे लागलेली तातडीची शस्त्रक्रिया यांत कालावधी बराच अधिक असू शकतो आणि तो शल्यचिकित्सकच ठरवतो.

६. सायकलकडे परतण्याचे टप्पे

खालील टप्पे जांघेच्या गुंतागुंतरहित शस्त्रक्रियेसाठी सर्वसाधारण दिशादर्शक आहेत. त्यांत दिनदर्शिकेपेक्षा शरीराच्या प्रतिसादाला अधिक महत्त्व द्यावे.

पहिला टप्पा : पहिला आठवडा. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालणे सुरू होते. हे चालणे हीच पुनर्वसनाची सुरुवात होय. खोकताना किंवा शिंकताना हाताने वा उशीने जखमेला आधार द्यावा. बद्धकोष्ठता टाळण्यासाठी पुरेसे पाणी, तंतुमय आहार आणि आवश्यकतेनुसार इसबगोल घ्यावे. शौचाला कुंथणे हे या काळात सायकलपेक्षा अधिक त्रासदायक ठरते.

दुसरा टप्पा : दुसरा आठवडा. जखम कोरडी असल्यास व चालताना वेदना नसल्यास घरातील स्थिर सायकलवर, कोणताही अवरोध न ठेवता, दहा-पंधरा मिनिटे पेडल मारून पाहता येते. येथे खड्डे, वाहने वा तोल जाण्याचे भय नसते.

तिसरा टप्पा : साधारण तिसरा व चौथा आठवडा. रस्त्यावर उतरण्यापूर्वी रुग्णाने साध्या चाचण्या घ्याव्यात. वेदनेशिवाय खोकता येते काय? जिना चढता येतो काय? उकिडवे बसून उठता येते काय? पाय उचलून सायकलवर चढता येते आणि एकदम ब्रेक लावून पाय टेकता येतो काय? यांपैकी शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण दुखऱ्या जांघेमुळे पाय टेकण्यास झालेला क्षणाचा विलंबही रहदारीत अपघातास कारण ठरू शकतो. या चाचण्या वेदनाशामकाच्या प्रभावाखाली घेऊ नयेत. त्यांत उत्तीर्ण झाल्यास सपाट, बऱ्या रस्त्यावर थोडे अंतर रिकाम्या सायकलने जावे. दुसऱ्या दिवशी वेदना किंवा सूज वाढली नाही, तरच अंतर वाढवावे.

चौथा टप्पा : चार ते सहा आठवड्यांनंतर. चढ, वेग, लांब पल्ला आणि ओझे यांचा क्रमाने समावेश करावा. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. घाट व ओझे एकाच दिवशी सुरू करू नये.

या काळातील काही अनुभव भीतिदायक वाटले तरी बहुधा निरुपद्रवी असतात. जखमेखाली लागणारी कडक कड ही बहुतेक वेळा भरून येणारी ऊती असते. जांघेजवळ बधिरपणा व वृषणकोशावर थोडी सूज किंवा निळसरपणाही येऊ शकतो. मात्र ताप, जखमेतून पू, वाढती सूज, लघवी अडकणे किंवा पुन्हा फुगवटा दिसणे यांसाठी त्वरित तपासणी हवी. काही रुग्णांना तीन महिन्यांनंतरही वेदना राहते. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लक्षणीय दीर्घकालीन वेदनेचे प्रमाण १० ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असून ते काळानुसार घटत जाते. अशा रुग्णाला ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठविणे योग्य नाही. सीटची उंची व कोन बदलून पाहावा आणि वेदना कायम राहिल्यास शल्यचिकित्सकाचा पुन्हा सल्ला घ्यावा.

७. श्रमाची सायकल : एक सामाजिक परिमाण

हौशी सायकलस्वाराला दोन महिने थांबणे शक्य असते. दूधवाल्याचा रतीब मात्र दोन महिने थांबला, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. त्याला ‘सायकल बंद’ असे सांगितल्यास एक तर तो शस्त्रक्रियाच नाकारतो किंवा शस्त्रक्रिया करून चौथ्या दिवशी भरलेल्या कॅनसह रस्त्यावर येतो. त्याऐवजी त्याच्या कामाचे विश्लेषण करून सल्ला देता येतो : तिसऱ्या आठवड्यापासून रिकामी सायकल, पुढे निम्मे ओझे, कॅन चढविण्या-उतरविण्यासाठी घरातील अन्य व्यक्तीची मदत, सायकल स्टँडवर न ओढता भिंतीला टेकविणे आणि जिन्यावर ती न उचलणे. असा सल्ला पाळता येण्याजोगा असतो, म्हणून तो पाळला जाण्याची शक्यताही अधिक असते.

महाविद्यालयांच्या संदर्भातही हा विचार उपयुक्त आहे. शस्त्रक्रिया झालेल्या विद्यार्थ्याला अनेकदा वर्षभरासाठी खेळातून वगळले जाते, तर सायकलने येणाऱ्या शिक्षकेतर कर्मचाऱ्याला रजा संपताच टेबले-कपाटे हलविण्याच्या कामाला लावले जाते. पहिल्याच्या बाबतीत बंधन गरजेपेक्षा अधिक, तर दुसऱ्याच्या बाबतीत कमी आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रात ‘विश्रांती’ एवढाच शब्द न राहता चालणे, सायकल चालवणे व वजन उचलणे यांचे कालावधी स्वतंत्रपणे नोंदविले गेल्यास शारीरिक शिक्षण संचालक आणि कार्यालय दोहोंनाही योग्य निर्णय घेता येईल.

८. समारोप

हर्नियाचे मूळ उदरभित्तीच्या दुर्बलतेत व तिच्यावर वारंवार येणाऱ्या ताणात आहे. सपाट रस्त्यावर बसून मारलेले पेडल हा त्या ताणातील लहान घटक असून श्वास रोखून केलेला जोर, ओझे, हिसका, खोकला व कुंथणे हे मोठे घटक आहेत. शस्त्रक्रियेच्या पद्धती ताणविरहित झाल्या असताना सल्ला मात्र टाक्यांच्या काळातलाच राहिला, तर रुग्णाचे आरोग्य आणि रोजगार या दोहोंचे नुकसान होते. वेळेवर शस्त्रक्रिया, धोक्याच्या लक्षणांची जाण, टप्प्याटप्प्याने परतणे आणि धूम्रपान, खोकला व बद्धकोष्ठता यांवर नियंत्रण या चार गोष्टी सांभाळल्यास बहुसंख्य रुग्णांना सायकल सोडण्याचे कारण उरत नाही. रुग्णाने ‘सायकल चालवू का?’ असे विचारल्यावर उत्तर देणाऱ्याने आधी त्याला विचारावे की, सायकलवर काय बांधतोस, रस्ता कसा आहे आणि घरी पोहोचल्यावर ती कुठे व कशी ठेवतोस.